निळ्या जर्सीतला अ‍ॅलेक

क्रेगहेवन
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय एल्स्पेट,

तुझ्या प्रदर्शनाचं पुस्तक पोस्टाने मिळालं. उघडलं, आणि शेजारची नॅन येताना दिसली तसं उशीखाली सारलं. बाई, मधल्या पानावरच्या त्या माणसाच्या अंगावर एक चिंधी तरी घालायचीस. नॅनने ते शोधून काढलंच, आणि बघता बघता चहा दोनदा गार केला. बाकीची चित्रं चांगली आहेत. बंदरावर हवेत तरंगतोय तो आपल्या गावचा टॅमीच ना? चेहरा अगदी त्याचा आहे. फक्त टॅमीला मी जन्मात गुत्त्याखेरीज कुठे तरंगताना पाहिलेलं नाही.

फोन करू नकोस. मासे कापायच्या शेडमधल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले ते खाल्ले. फोन लावला की आत नुसती गाज ऐकू येते. लिहीत जा. आपल्या आया सख्ख्या बहिणी असून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण पत्रं चुकली नाहीत.

आता मुद्द्याचं. हसू नकोस. मला अ‍ॅलेकचा चेहरा आठवेनासा झालाय.

परवा बटाटे सोलत होते. त्या वेळी मी रोज त्याला समोर आणते, तो गेल्यापासूनची बारा वर्षांची सवय. तो आला, दारात वाकून बूट काढले, मग वर पाहिलं, तर चेहऱ्याच्या जागी मागच्या दारातलं ऊन. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी बटाटा हातात धरून कितीतरी वेळ बसले. घाबरले ग मी. बोट सापडली, तो सापडला नाही. कबर नाही, दगड नाही. माझ्याजवळ त्याचा चेहरा तेवढा होता, आता तोही निघाला.

फोटो आहेत की, म्हणशील. लग्नातल्या फोटोत तो गळा आवळल्यासारखा उभा आहे. दुसऱ्यात उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलाय. उरलेल्या सगळ्यांत पाठमोरा, जाळ्यात वाकलेला. असा तो मला कधी दिसला नाही.

तू काढ त्याला. तू त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतेस, आणि तुला डोळे आहेत असं आता लंडनचे लोकसुद्धा छापतात. माझ्यापुरतं एक चित्र. कपडे घातलेलं.

तुझी,
बीथिया


ग्लासगो
२९ ऑक्टोबर

प्रिय बीथिया,

तुझं पत्र घेऊन मी खिडकीत बसले ती दिवे लागेपर्यंत उठले नाही. आमची ही जागा म्हणजे जुना बिस्किटांचा कारखाना. पाऊस पडला की भिंतींतून अजून भाजक्या साखरेचा वास येतो. खाली कोणी ओरडतं, ट्रक जातात, पण वर या मजल्यावर सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत असतं. मी इथे म्हातारी होत चाललेय आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तू मागितलंस ते मला येत नाही. आईशपथ येत नाही.

मी शिकत होते तेव्हा आमचे एक सर म्हणायचे, माणसं काढणं आता संपलं, काहीतरी नवं कर. बाकीच्यांनी चौकोन काढले, तारा वाकवल्या, एकाने तर वर्षभर नुसती रिकामी खुर्ची ठेवली आणि पारितोषिक मिळवलं. मी माणसंच काढत राहिले, कारण मला दुसरं काही दिसतच नाही. पण माणूस समोर लागतो. हाडामांसाचा, शिंकणारा. पहिला तासभर तो स्वतःचा फोटो होऊन बसतो. मग पाठ दुखते, भूक लागते, तो कंटाळतो, आणि कंटाळला की खरा होतो. त्यानंतर पेंगतो. तेव्हा चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी आयुष्य घालवलं. लोक म्हणतात तुझी चित्रं स्वप्नातली. स्वप्नातली कसली, बसून बसून झोपलेल्यांची आहेत. टॅमी हवेत तरंगत नाही, माझ्या कोचावर घोरतोय. मी फक्त कोच काढला नाही.

आई गेल्यावर मी तिला फोटोवरून काढायला बसले होते. सहा महिने. झाला तो फोटोचा फोटो. शेवटी शेगडीत घातला.

आणि अ‍ॅलेकला मी पाहिलं म्हणतेस, ते कुठून? वरच्या गल्लीतून, वडिलांच्या दुकानाच्या काचेतून. तुम्ही बंदराकडचे, आम्ही साबण आणि पीठ विकणारे. मी तुमच्या बोटी मोजल्या, बोटीत कधी पाय ठेवला नाही. सतराव्या वर्षी तर गावच सोडलं.

गेलेल्याला बसवता येत नाही ग. माझ्यावर रागावू नकोस.

एल्स्पेट


क्रेगहेवन
५ नोव्हेंबर

एल्स्पेट,

हाडामांसाचं पाहिजे ना? मग लेक्सीला बसव.

आमच्यात मुलीला बापाचं नाव द्यायची रीत आहे, म्हणून अलेक्झिना ठेवलं. तर पोरगी नावाबरोबर चेहराही त्याचाच घेऊन आली. शाळेत तिला छोटा अ‍ॅलेक म्हणायचे आणि मी काठी घेऊन धावायचे. तिच्या कपाळावरचे केस तेवढे माझे आहेत. ते तू झाक.

ती तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते आणि तू तिला वर्षातून एकदा जेवायला घालतेस, ही लाजेची गोष्ट आहे. कॅफेत काम करते. फार राबवतात वाटतं, मला लिहिते ते चार ओळी. पण कोरड्या जमिनीवर आहे, छपराखाली आहे, मला तेवढं पुरे. सोळाव्या वर्षी तिच्या डोक्यात बोटीचं खूळ शिरलं होतं. हल्ली मुलीही जातात म्हणे. मी तिला धक्क्यावर नेलं आणि बाप जिथून गेला तिथे उभं करून वचन घेतलं. समुद्राला मी एक माणूस दिलं. दुसरं देणार नाही. माझ्याजवळ आता एकच उरलंय.

सोबतच्या पुडक्यात त्याची निळी जर्सी आहे, मी विणलेली. शेवटच्या फेरीला तो जुनी घालून गेला आणि ही चांगली म्हणून ठेवून गेला. धुऊ नकोस.

बीथिया


ग्लासगो
९ डिसेंबर

प्रिय बीथिया,

बसणं सुरू झालंय. तुला सगळं सांगते, चहा घेऊन बस.

पहिल्या दिवशी धुकं होतं, नदीवरून चढून थेट आमच्या जिन्यात आलेलं. लेक्सी वर आली ती केसांत धुकं घेऊनच. मी जर्सी पुढे केली. तिने नाकाला लावली आणि पडद्यामागे गेली. मी रंग काढत होते. पाठीमागे पावलं वाजली म्हणून वळले, तर पडद्यापाशी अ‍ॅलेक उभा. बीथिया, माझा हात खरंच थांबला. त्याची ती मान, एका बाजूला कललेली, कोणीतरी लांबून हाक मारतंय तशी. मग अ‍ॅलेक म्हणाला, “मावशी, खायला काय आहे?”

मी तिला धुरावलेल्या माशाचं सूप केलं. तिने पातेलं पुसून खाल्लं. कॅफेत कामाला असलेली मुलगी इतकी भुकेली कशी, असं माझ्या मनात आलं. पण मिठाईच्या दुकानातल्या पोराला मिठाई नको असते, तसंच असेल.

तिचं येणं बेभरवशाचं आहे. आठ दिवस पत्ता नसतो, मग लागोपाठ तीन दिवस येते. कॅफेच्या पाळ्या तशा असतात म्हणे. आली की अर्ध्या तासात पेंगते. मला काय, सोन्याहून पिवळं. फार सुंदर झोपते ग, उभ्या उभ्यासुद्धा. आणि एक गंमत: ती स्थिर उभी राहतच नाही. डुलते. अगदी थोडी, पायांपासून वर, पाण्यातल्या गवतासारखी. मी म्हटलं, “बरं वाटत नाही का?” तर डोळे न उघडता म्हणाली, “जमीन फार घट्ट आहे मावशी.” मला ते वाक्य इतकं आवडलं की मी कोळशाने भिंतीवर लिहून ठेवलं. ते डुलणं मी चित्रात घेतलंय. तो उभा आहे आणि उभा राहता राहता निघालाही आहे, असं काहीतरी.

मागे काय काढू हे मला अजून कळलेलं नाही. सध्या नुसता राखाडी गुलाबी रंग आहे, पहाट होण्याआधी आपल्या खाडीवर असतो तो. काल स्वप्नात या मजल्यावर घोट्याएवढं पाणी होतं. चित्रं भिंतीवरून उतरून हळूहळू दाराकडे निघाली होती. मी कोणालाच अडवलं नाही.

लेक्सीने विचारलं, “बाबा खरंच असे होते?” मी म्हटलं, मी काचेतून पाहिलंय बाई, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, “आईला विचारलं की ती बटाटे सोलायला घेते.”

चेहरा अजून आलेला नाही. तो मी शेवटी करते. धीर धर.

एल्स्पेट


क्रेगहेवन
३ जानेवारी २०१९

एल्स्पेट,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. वर्षाचं पहिलं पाऊल माझ्या घरात टॅमीने टाकलं. एका हातात कोळसा, दुसऱ्यात बाटली, रीतीप्रमाणे. बाटली इथवर येईतो निम्मी झाली होती. केस काळे असलेला पुरुष शुभ म्हणतात. त्याचे उरलेत ते मोजून आठ, पण काळे आहेत.

लेक्सी आली नाही. कॅफेत गर्दी असते म्हणून कळवलं. गेल्या वर्षीही गर्दीच होती. मी तिचं अंथरूण घातलं होतं ते काढून ठेवलं.

ती डुलते म्हणालीस. तिला दूध देत जा.

चेहरा आला का?

बीथिया


ग्लासगो
१७ फेब्रुवारी

प्रिय बीथिया,

आला.

जानेवारीच्या शेवटी, एका दुपारी आला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि खिडकीतून तो पांढरा, सावली न पाडणारा उजेड आत आला होता, ज्यात सगळेच जरा सज्जन दिसतात. लेक्सी पेंगत होती. मी कुंचला धुवायला वळले, आणि ती झोपेतच हसली. तोंडाचा एकच कोपरा उचलून, दुसऱ्याला कळू नये असं. मी उभ्या उभ्या, डाव्या हाताने, हाती लागेल तो कुंचला घेऊन ते पकडलं. नंतर त्याला परत हात लावला नाही. आयुष्यात असं मला दोनदा की तीनदा झालंय. तो अ‍ॅलेक आहे की नाही हे तूच सांगू शकशील. माझ्या मते आहे.

फक्त चित्र मेल्यागत दिसत होतं. निळं, राखाडी, सगळं थंड. पंधरा दिवस मी त्याच्याशी भांडत होते. काही केल्या त्यात रक्त येईना. मग जर्सीच्या बाह्या वर सरकवायला लावल्या, आणि अगं, पोरीच्या दोन्ही मनगटांवर लाल कडी! बारीक, गोल, कुठे गुलाबी, कुठे जांभळट, एखाददुसरा ओला फोड. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “भांडी घासायचं पाणी मावशी, आणि ते रबरी हातमोजे.” मी तिला मलम दिलं आणि आधी रंगवून घेतलं. रागावू नकोस, चित्रकार अशीच असते, घर जळत असलं तर आधी ज्वाळेचा रंग बघेल. पण त्या दोन लाल रेघांनी सगळं चित्र जागं झालं. आता तो थंडीतून आलेला जिवंत माणूस वाटतो. माझ्या सगळ्या कामात हे मला सर्वांत चांगलं वाटतं, आणि ते कुठल्या प्रदर्शनात लागणार नाही याचा मला थोडा त्रासही होतो.

माझा एक विद्यार्थी गाडीने उत्तरेला निघालाय, तो घेऊन येईल. रंग अजून ओला आहे, बोट लावू नकोस. नॅनलाही लावू देऊ नकोस.

एल्स्पेट


क्रेगहेवन
२ मार्च

एल्स्पेट,

चित्र मंगळवारी आलं. टॅमी आणि नॅन यांनी उचलून भिंतीला टेकवलं. मग मी दोघांना घालवून दिलं. एप्रन काढला, केस विंचरले. कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. मग कापड काढलं.

तोच आहे. तोंडाचा तो कोपरा. मी तोच विसरले होते, बाकीचं त्याच्या मागोमाग गेलं होतं. आता सगळं परत आलं. मी त्याच्यासमोर खुर्ची घेतली आणि बसले. शेगडी विझली तरी उठले नाही. त्याला गेल्या बारा वर्षांचं सांगितलं, छपराचं, माझ्या कानांचं, लेक्सीच्या परीक्षेचं. तू मला जे दिलंस त्याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही.

मग मी खाली पाहिलं.

एल्स्पेट, ती भांड्यांच्या पाण्याने होत नाहीत. मी तीस वर्षं पाण्यात हात घालून मासे कापले, पाणी आधी बोटं खातं. मनगटाला गोल कडं पडतं ते ऑइलस्किनच्या, त्या बोटीवरच्या मेणकापडी कोटाच्या, बाहीने. खारं पाणी आत शिरतं, बाही दिवसभर घासते, फोड येतात, फुटतात, बरे व्हायच्या आत पुन्हा येतात. बंदराकडच्या कुठल्याही बाईला दाखव, ती झोपेतून उठून सांगेल. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. तुझ्यासमोर तर काकणंच होती, आणि तू त्यांचा रंग बघत बसलीस.

अ‍ॅलेकच्या मनगटांवर असलं काही कधी नव्हतं. आमच्यात बोटीवर जाणाऱ्याला घरची बाई लोकरीच्या पट्ट्या विणून देते, लाल, बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणाऱ्या. आधी त्याची आई द्यायची, मग मी. ज्याच्या मनगटावर वण, त्याच्या घरात कोणी बाई नाही, असं इथे म्हणतात. तू काढलेली मनगटं त्याची नाहीत. माझ्या पोरीची आहेत. ती समुद्रावर जाते, आणि जग तिचे हात बघून म्हणत असेल की हिला घरी कोणी नाही.

ती डुलते असं तू लिहिलंस तेव्हाच मला संशय आला होता. मी ते पत्र घड्याळामागे ठेवलं आणि स्वतःला सांगितलं की पोरीला अशक्तपणा आला असेल.

तुला माहीत होतं का? खरं लिही. मला नवरा परत देताना त्याच्या आडून माझी मुलगी नेणार असलात तर दोघींनी मला तोंड दाखवू नका.

बीथिया


ग्लासगो
११ मार्च

प्रिय बीथिया,

मला माहीत नव्हतं. तुझ्या आईची शपथ, माझ्या आईची शपथ. माहीत असतं तर बाह्या खाली ओढायला लावल्या असत्या, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मी जे समोर दिसतं ते काढते. काढलंही. फक्त ते काय आहे हे मला कळलं नाही. दुकानाच्या काचेतून बघणाऱ्याची गत शेवटी हीच. मला फार वाईट वाटतंय आणि फार लाज वाटतेय.

तुझं पत्र मी लेक्सीपुढे ठेवलं. ती वाचत असताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. दोन उन्हाळे झाले. पश्चिम किनाऱ्यावरून कोळंबी धरायला जाते एक लहान बोट, तिच्यावर. कॅफे आधी खरं होतं, मग फक्त तुझ्यापुरतं उरलं. बोटीचा मालक म्हातारा आहे. पहिल्या दिवशी म्हणाला होता, बाई बोटीवर म्हणजे अपशकुन. महिन्याने म्हणाला, तू नसलीस तर मी जात नाही.

मी चिडून विचारलं, “बापाला शोधायला जातेस का तिथे?” तिने मान हलवली. “सगळ्यांना तेच वाटणार मावशी. तसं असतं तर आईला सांगता तरी आलं असतं, ती रडली असती आणि मग समजून घेतलं असतं. मला ते काम आवडतं. तेवढंच आहे. सकाळी बंदरातून बाहेर पडतो तेव्हा मला वाटतं, आता मी आहे. जमिनीवर मी नुसती वाट बघत असते.”

मग म्हणाली, “मी दोन नाताळ घरी गेले नाही ते गर्दी होती म्हणून नाही. आईने हात पाहिले असते.”

हे वाचून तुझं काय होईल ते मला कळतंय, म्हणून सरळ सांगते. ती वचन मोडून गेली, खोटं बोलली, पण तिला तुझ्याकडे यायचंय आणि तिला भीती वाटते. तू ये म्हणालीस तर ईस्टरला येईल. तू समुद्र सोड म्हणालीस तर मला वाटतं ती सोडेलही. आणि मग घरी येईल ती कोण असेल, मला सांगता येत नाही.

चित्राचं म्हणशील तर मी येते. एका दुपारचं काम आहे, बाह्या पुऱ्या करून टाकते. मनगटं दिसणार नाहीत. तुला फक्त तोच दिसेल.

एल्स्पेट


क्रेगहेवन
२५ एप्रिल

प्रिय एल्स्पेट,

उत्तराला उशीर झाला. तुझं ते पत्र वाचलं, त्यानंतर तू तीन पत्रं पाठवलीस त्यांतलं मी एकही उघडलं नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मी त्याच्यावरही रागावले होते. तूच गेलास आणि वाट दाखवलीस, म्हटलं.

खूप दिवस गेले असे. सकाळी धुकं यायचं आणि बंदरच नाहीसं व्हायचं. मला वाटायचं, बरंय, असंच राहू दे. बोटी निघायच्या तर नुसते आवाज. मला तर आवाजही नाहीत. एका सकाळी मी खिडकीत बसले असताना माझ्या मनात आलं की लेक्सी आत्ता याच पांढऱ्यात कुठेतरी उभी आहे आणि तिची मनगटं दुखतायत. दुसरं काही मनात येईना. ती बुडेल हे येईना, तिने फसवलं हे येईना. नुसतं दुखत असेल, एवढंच.

मी टोपी घातली आणि दुकानात जाऊन लाल लोकर मागितली. दुकानात नॅन होती, अर्थातच. नॅन कुठे नसते? ती म्हणाली, “लाल? कोणासाठी ग?” सगळं दुकान थांबलं. इथे लाल लोकर कशाला लागते ते पोरालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, “माझ्या घरी बोटीवर जाणारं माणूस आहे.” मोठ्याने म्हटलं असेन, मला माझा आवाज कळत नाही. नॅन जन्मात पहिल्यांदा गप्प बसली, आणि मग तिने माझी पिशवी घरापर्यंत आणली.

लेक्सीला ये म्हणून लिहिलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी आली. बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. चित्र मी परत सरळ केलं होतं. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली, तू म्हणतेस तशी डुलत. आता मला ते दिसलं. तिचा बाप आठवडाभर घरी राहिला तरी असाच डुलायचा, मी त्याला सुक्या जमिनीवरचा दारुड्या म्हणायचे. म्हणाली, “आई, मी सांगणार होते.” मी म्हटलं, “आधी हात दाखव.” कोमट गोड्या पाण्याने धुतले, चरबी लावली, फडकं बांधलं. ती लहान असताना गुडघे फोडून यायची तेव्हा असंच करायचे. तिला हेरिंग मासे भाजून दिले, तिने पाच खाल्ले.

मी तिला एवढं सांगितलं की मला भीती वाटते आणि ती भीती जाणार नाही. ती म्हणाली, तिलाही वाटते. ते ऐकून मला बरं वाटलं. न भिणारे बुडतात.

चित्राला हात लावायला येऊ नकोस. आलीस तर नुसती ये, जेवायला. बाह्या आहेत तशाच राहू देत. सकाळी उठले की मी त्याचं तोंड बघते आणि तिची मनगटं बघते. दोघंही घरात असतात. तू म्हणालीस ते लाल नसतं तर चित्र थंड झालं असतं. झालं असतं.

सोमवारी ती निघाली. मी फडकी सोडली, नव्या पट्ट्या तिच्या मनगटांवर चढवल्या आणि वर बाह्या ओढल्या. दारात ती थांबली, पिशवी खांद्यावर घेऊन. दर वेळी मी विचारते, कुठे निघालीस, आणि ती म्हणते, ग्लासगोला, कामावर. ती तेच उत्तर तोंडात धरून उभी होती. तू वरच्या गल्लीतली, तुला ठाऊक नसेल: समुद्रावर निघालेल्याला कुठे जातोस असं आम्ही विचारत नाही. अशुभ असतं. तिच्या बापाला मी कधी विचारलं नाही.

मी काही विचारलं नाही. दार उघडून बाजूला झाले.

ती पायरीवर तशीच उभी राहिली. तिला कळलं, एल्स्पेट. वळणापर्यंत ती रडत गेली, आणि मी मागून हाक मारली नाही. तेही आम्ही करत नाही.

तुझी,
बीथिया